मामाच्या खुर्चीत मावशी

खुर्चीवरूनच सुरुवात झाली. गोल टेबलाभोवती सहा खुर्च्या होत्या, पण दाराकडे तोंड करून ठेवलेल्या त्या एका खुर्चीत कोण बसणार, हा प्रश्न येनांच्या घरी महिनाभर चघळला जात होता. घराची वाटणी असली की त्या खुर्चीत आईचा भाऊच हवा. दक्षिणेकडच्या गांगशान गावात स्क्रूचे कारखाने चालवणाऱ्या घरांना वाटण्या काही नवीन नाहीत. कुठल्याही गल्लीत विचारा, वाटणीला मामा कोण बसला होता हे लोक आधी सांगतील आणि कुणाला काय मिळालं ते मागाहून. मामाने जेवणाच्या काड्या उचलल्या की जेवण सुरू. त्याने उचलल्या नाहीत तर रस्सा गार होवो की पोरं रडोत, कुणी घास घ्यायचा नाही.

पण येनांच्या मुलांचा मामा, बेनशान, मागेच वारला होता. त्याचा मुलगा कॅनडात. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे, आणि तिकडे हवा कशी आहे? तेव्हा मुलांच्या आईने, चुनताओने, निकाल लावून टाकला. "माझ्या माहेरचं माणूस बसायला हवं ना? मग रुइयिंग बसेल. मिशा हव्यात असं कुठे म्हटलंय? बेनशानला तरी कुठे होत्या?"

अशा रीतीने चुनताओची धाकटी बहीण शिआओ रुइयिंग, तैपेईतली नावाजलेली व्यापारी दाव्यांची वकील, रविवारी सकाळच्या वेगवान गाडीने दक्षिणेला आली आणि मामाच्या खुर्चीत बसली. काळी बॅग तिने सवयीने पायाशी ठेवली. बॅगेत कोरे कागद आणि पोटाच्या गोळ्या होत्या, पण ती बॅग पाहूनच तिच्या दोन्ही भाच्यांचे चेहरे ताठ झाले.

थोरला शेंग तिच्या डाव्या हाताला, धाकटा ल्यांग उजव्या हाताला. बापाच्या वर्षश्राद्धापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, बोलायचंच झालं तर कारखान्यातल्या फोरमनमार्फत. शेंगला कारखाना होता तसाच चालवायचा होता, इमारतींना लागणारे स्क्रू, टनावारी. ल्यांगला हाडं जोडायचे बारीक स्क्रू करायचे होते, जे दवाखान्यांत जातात. दोघांनी वेगळं व्हावं यावर दोघांचं एकमत होतं, आणि गेल्या वर्षभरातलं त्यांचं हे एकच एकमत. घोडं अडलं होतं ते रस्त्याकडेच्या जुन्या शेडपाशी. त्या शेडमध्ये स्क्रू कडक करायची भट्टी होती, आणि भट्टीशिवाय स्क्रू म्हणजे नुसता पिळलेला तारेचा तुकडा. भट्टी एकच होती आणि ती दोघांना हवी होती. दोघांनी आपापले वकील गाठले होते. नववर्ष सरलं की दावे दाखल व्हायचे होते.

रुइयिंगला फोन करून चुनताओ हे सगळं सांगत होती तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता. शेवटी ती एवढंच म्हणाली, "रुइयिंग, ही दोघं कोर्टात गेली तर नववर्षाला मी कुणाच्या दारात उभी राहू ते सांग." पस्तीस वर्षं लोकांना उत्तरं देण्यावर जिने पोट भरलं, तिला उत्तर सुचलं नाही. म्हणून ती आली होती.

टेबलाच्या मधोमध बोकडाच्या मटणाचं पातेलं शेगडीवर रटरटत होतं. शेजारी गांगशानची तिखट चटणी. वास असा सुटला होता की रुइयिंगलाही भूक आवरेना. पण काड्या तिने उचलल्या नाहीत. भुकेलेली माणसं लवकर मुद्द्यावर येतात, हे तिने लवादाच्या खोल्यांमध्ये पुष्कळ पाहिलं होतं.

"सुरुवात करायच्या आधी मला एक विचारायचंय," शेंगची बायको ह्वेइजू म्हणाली. ती कारखान्याचे हिशेब पाहायची आणि तिचं सगळं कामच पुराव्यानिशी असायचं. तिने फोन काढला. "मावशी, राग मानू नका. तुमच्या फर्मच्या साइटवर तुमची माहिती आहे. आम्ही वाचली."

"वाचा की. त्यासाठीच टाकलीय."

ह्वेइजूने घसा खाकरून मोठ्याने वाचलं. शिआओ रुइयिंग, ज्येष्ठ भागीदार. व्यापारी दावे, करारभंग, भागधारकांमधले वाद. एका जुन्या छत्री कंपनीच्या संस्थापकांच्या थोरल्या चिरंजीवांच्या वतीने दावा लढवून कंपनीचा पूर्ण ताबा मिळवून दिला. इथे ती थांबली आणि नवऱ्याकडे पाहून समाधानाने हसली. शेंगही खुर्चीत जरा मागे रेलला. थोरल्यांची वकील म्हणजे आपलीच.

"पूर्ण वाच ना, वहिनी," ल्यांगची बायको शिन्यी म्हणाली. ती शाळेत संगीत शिकवायची आणि तिचा आवाज भांडणातही सुरात असे. फोन तिच्याकडेही होता. "पुढची ओळ. सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीत, डावलल्या गेलेल्या धाकट्या भावाच्या वतीने दावा. नुकसानभरपाई मंजूर. माफी मागायला लावली ती वेगळीच."

आता ल्यांग रेलला आणि शेंग पुढे झुकला. सगळे मावशीकडे असे पाहू लागले की जणू हिच्या खिशात दोन पक्षांचे दोन बिल्ले आहेत आणि ती कुठला लावते ते बघायचंय. रुइयिंगला हसू फुटलं. आयुष्यभर तिची ती माहिती अशिलांनी वाचली होती, विरोधकांनी वाचली होती, एकदा तर एका विधुर न्यायाधीशांच्या मुलीने वडिलांच्या स्थळासाठी वाचली होती. पण सख्ख्या भाचेसुनांनी मटणाच्या पातेल्यावरून तिची अशी उलटतपासणी पहिल्यांदाच घेतली होती.

"दोन्ही खरं आहे," ती म्हणाली. "जो आधी माझ्या दारात आला तो माझा अशील. थोरला आला तर थोरल्याचं, धाकटा आला तर धाकट्याचं. पण त्या पानावर एक गोष्ट लिहिलेली नाही, ती सांगते. छत्रीवाल्यांची आई अजून आहे. नववर्षाच्या आदल्या रात्री ती हॉटेलात जेवते. एकाकडे गेली तर दुसरा रुसतो, म्हणून एकटी हॉटेलात. मी तो दावा जिंकले तेव्हा वर्तमानपत्रात नाव आलं होतं माझं."

चुनताओ उठली, आतून गरम पाण्याची किटली आणली आणि आटत चाललेल्या रश्श्यात पाणी ओतून परत बसली.

रुइयिंगने मग कामाला हात घातला. तिची पद्धत ठरलेली होती आणि ती तिची स्वतःची नव्हती, म्हाताऱ्या दू वकिलांची होती. वकिलीची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास होऊन ती त्यांच्या हाताखाली लागली तेव्हा तिला वाटलं होतं, आता काळा झगा घालून गर्जना करायची. दू वकिलांनी तिला पहिलाच दावा दिला तो गोठवलेल्या वाम माशांचा. माल ओसाकाला पोचला, घेणारा म्हणाला वास येतो, पैसे देणार नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी दू वकील म्हणाले, आज तू घेणाऱ्याची वकील, मी आपल्या अशिलाचा, चल, भांड माझ्याशी. ती इतकी जीव तोडून भांडली, त्या वामांच्या वासाबद्दल इतकं बोलली की म्हाताऱ्याने हात टेकले. संध्याकाळीच त्यांनी समोरच्या वकिलाला फोन लावून तडजोड केली. रुइयिंगचा पहिला दावा कोर्टात उभाच राहिला नाही, आणि ती रात्रभर रडली. पुढे तिच्या लक्षात आलं, त्या दिवशी ती वकील झाली. तेव्हापासून तिच्या ऑफिसात कुठलाही दावा आधी उलट्या बाजूने लढवून पाहिल्याशिवाय बाहेर पडत नसे.

"शेंग, तू आता ल्यांग आहेस," ती म्हणाली. "आणि ल्यांग, तू शेंग. एकमेकांची बाजू मांडा. नीट मांडायची, टवाळी केली तर पुन्हा पहिल्यापासून. ज्याची बाजू कच्ची पडेल त्याच्यामुळे सगळे उपाशी राहतील."

शेंगने आधी कुरकुर केली. मी कारखाना चालवतो, नाटक कंपनी नाही, वगैरे. ल्यांगलाही ते पोरकट वाटलं, पण दादालाही ते नकोय म्हटल्यावर त्याला लगेच आवडलं. दोघांची लहानपणापासूनची खोड मावशीला पक्की ठाऊक होती. हरायला सांगितलं तरी हे दोघं हरण्यात पहिला नंबर काढायला बघतील.

शेंगने गळ्यातला रुमाल काढून ल्यांगसारखा खांद्यावर टाकला. "मी ल्यांग," तो म्हणाला आणि अडखळला. मग एकदम त्याला सूर सापडला. "मी तीन वर्षं जर्मन यंत्राचं पुस्तक वाचतोय. भाषा येत नाही तरी वाचतोय. बाबांना दाखवलं तर ते म्हणाले दादाला विचार. दादाला दाखवलं तर दादा म्हणाला, हाडं मोडायची लोक वाट बघत बसलेत का. सगळ्या कामगारांसमोर म्हणाला. हसले सगळे."

"असं म्हणालास तू?" चुनताओने विचारलं.

"म्हणालो," शेंग स्वतःच्या आवाजात म्हणाला आणि पुन्हा ल्यांग झाला. "आता मला भट्टी दिली नाही तर मी कडक करायला माल बाहेर पाठवणार. बाहेरचे माझा माल सगळ्यांच्या शेवटी घेणार. दवाखाने थांबतील का? दादाला हे कळतं. कळतं आणि तरी देत नाही."

आपण ते पुस्तक अजून वाचतोय हे दादाला ठाऊक असेल, असं ल्यांगला वाटलंच नव्हतं. पण आता त्याची पाळी होती, आणि दादापेक्षा कमी पडायचं तर मरण बरं. त्याने पोट पुढे काढलं, दोन्ही हात पाठीशी बांधले. शिन्यी फिसकन हसली, ह्वेइजूही हसली, कारण शेंग अगदी तस्साच उभा राहायचा.

"मी शेंग," ल्यांग म्हणाला. "शाळा सोडून भट्टीवर उभा राहिलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. ल्यांग शिकला, कारण मी उभा होतो. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, अगदी दारू प्यायल्यावरही नाही. कारखान्यावर साठ घरं जेवतात. नवीन यंत्र घेतलं आणि बुडालं तर ल्यांगचं स्वप्न मोडेल, पण कामगारांच्या दारात मला जावं लागेल. म्हणून मी नाही म्हणतो. लोक म्हणतात मी हट्टी आहे. मी हट्टी नाही, मला भीती वाटते."

शेंगने पातेल्याकडे पाहायला सुरुवात केली. वाफेने डोळ्यांत पाणी आलं असावं, असं सगळ्यांनी मानून घेतलं.

इथपर्यंत रुइयिंगच्या मनासारखं चाललं होतं. दोघं एकमेकांच्या वतीने असे झुंजत होते की ऐकणाऱ्याला हसावं की रडावं कळेना. शेंग टेबलावर मूठ आपटून भट्टी ल्यांगलाच मिळाली पाहिजे म्हणत होता आणि ल्यांग ती शेंगलाच मिळाली पाहिजे म्हणून तावातावाने बोलत होता. जावांची तऱ्हा आणखी वेगळी. त्या आता आपापल्या नवऱ्यांना सोडून अभिनयाला दाद देत होत्या, आणि शिन्यीने ह्वेइजूच्या कानात काहीतरी सांगितल्यावर दोघी तोंड दाबून हसल्या. नवरे वर्षभर बोलत नसले तरी या दोघी दर बुधवारी स्टेशनमागच्या दुकानात एकत्र मटण खायला जात होत्या. त्यांचं आतून मेतकूट आहे, एवढं मावशीच्या तेव्हाच लक्षात आलं. साक्षीदारांच्या बाकावर कोण कुणाला ओळखतं हे बघायची तिची नजर जुनी होती.

मग गाडी आईवर आली.

वाटणी झाली की आईचं जेवण पाळीने असतं. एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. गांगशानमध्ये सगळीकडे असंच चालतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शेंग ल्यांगच्या वतीने म्हणाला, आई पहिला महिना माझ्याकडे राहील, दादाच्या घरी सगळं अळणी असतं. ल्यांग शेंगच्या वतीने म्हणाला, ल्यांगकडे तिसरा मजला आहे, आईचे गुडघे काय म्हणतील, आई माझ्याकडेच बरी. अळणीवरून ह्वेइजू बिथरली, जिन्यावरून शिन्यी. आपण आता कुणाच्या बाजूने भांडतोय हे बहुधा कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आवाज चढत गेले. आठवड्यात इतर दिवशी हवाई दलाच्या शाळेची विमानं डोक्यावरून जातात आणि गांगशानमधली निम्मी भांडणं त्या आवाजात बुडून मिटतात. रविवारी विमानं नसतात.

चुनताओ पुन्हा किटली घेऊन उभी होती. तिने पाणी ओतलं नाही. किटली टेबलावर ठेवली.

"माझी बाजू कोण मांडतंय?" तिने विचारलं.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"शेंगची ल्यांगने मांडली. ल्यांगची शेंगने मांडली. चांगली मांडली, मला रडू आलं. पण तासभर मी पाणी ओततेय आणि इथे कुणी शेड मागतंय, कुणी भट्टी मागतंय, कुणी मला. मला कुणी विचारलं का, तुला काय हवंय म्हणून?"

"ताई, तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं," रुइयिंग म्हणाली.

"तू कशाला बसलीयेस त्या खुर्चीत?"

"वाटणी नीट व्हावी म्हणून."

"न्याय करायला ना?" चुनताओ म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हसू होतं, आणि तेच जास्त लागलं. "अगं वेडे, आपल्या आईच्या वाटणीला मामा बसला होता तो न्याय करायला नव्हता बसला. न्याय करायला गावात वडीलधारे पुष्कळ होते. विधवा बाईच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं, म्हणून माहेरचा माणूस बोलवायचा. मामा म्हणजे आईचा वकील. एवढी मोठी वकील तू, आणि आल्या आल्या न्यायाधीश होऊन बसलीस."

रुइयिंगची कानशिलं तापली. ऑफिसात नवा उमेदवार आला की ती त्याला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारायची, पक्षकार किती? ज्याने कागदावरची नावं मोजली तो नापास. ज्याने विचारलं की यात आणखी कुणाचं काही जाणार आहे का, तो पास. आणि तिने स्वतः? कायद्याने नवऱ्याच्या मागे बायकोचा मुलांइतकाच वाटा असतो, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. येन गेल्यावर चुनताओ या कारखान्याची तिसऱ्या हिश्श्याची मालकीण होती. पण गांगशानच्या आया मुलांच्या नावे सही करून मोकळ्या होतात. ताईही करेल, असं मुलांनी धरलं होतं, सुनांनी धरलं होतं, दोन्ही वकिलांनी धरलं होतं. आणि या ज्येष्ठ भागीदार बाईंनीही तसंच धरलं होतं. आपण नापास झालो हे तिला स्वच्छ कळलं. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग एक जुना, ओळखीचा उत्साह आला. तिला अशील मिळालं होतं.

ती मामाच्या खुर्चीतून उठली.

"मला माझ्या अशिलाशी खासगीत बोलायचंय," ती म्हणाली. "तोवर रश्श्याकडे लक्ष ठेवा. करपला तर जबाबदारी दोघांची, समान."

स्वयंपाकघरात जाऊन तिने दार लोटलं. बाहेर ल्यांगने हळूच विचारलं, हे चालतं का असं, आणि शेंगने वर्षभरात पहिल्यांदाच त्याला थेट उत्तर दिलं, मला काय माहीत, तूच शिकलायस.

आत चुनताओ ओट्याला टेकून उभी राहिली. रुइयिंगने प्रत्येक अशिलाला विचारते ते तीन प्रश्न विचारले. काय हवंय, काय चालेल, आणि काय अजिबात चालणार नाही. चुनताओने आधी शेवटच्याचं उत्तर दिलं.

"वार लावून जेवणार नाही मी. महिनाभर इथे, महिनाभर तिथे, उशी बगलेत मारून. सासूबाईंना मी तसं करताना पाहिलंय. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्या सकाळपासून पिशवी भरून दाराशी बसायच्या. या घरात थांबावं तर जड होतं, त्या घरात लवकर जावं तर जड होतं."

"आणि हवंय काय?"

ते सांगायला ताईला वेळ लागला. तिने ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. "हसशील तू. रस्त्याकडची शेड. तिच्या पुढच्या खोलीत आम्ही लग्नानंतर राहिलो. दिवसा तिथे स्क्रू निवडायचे, रात्री ते बाजूला सारून अंथरूण घालायचं. शेंग तिथे झाला. मला ती खोली हवी. माझा गॅस, माझं पातेलं. भट्टी शेजारी असली की थंडीत भिंत गरम राहते."

रुइयिंग हसली नाही. वकील झाल्यापासून तिने कितीतरी मागण्या ऐकल्या होत्या, त्यांत इतकी सरळ मागणी तिला आठवेना.

ती बाहेर आली तेव्हा ताई तिच्या बरोबर होती आणि मामाची खुर्ची तिने ताईसाठी ओढली. स्वतः उभी राहिली. कोर्टात उभं राहून बोलायची सवय होती, आणि खरं सांगायचं तर बसून तिला आज काहीच धड जमलं नव्हतं.

"माझ्या अशील श्रीमती शिआओ चुनताओ," ती म्हणाली, "आपल्या हिश्श्यावर सही करून देणार नाहीत. कायद्याने त्यांचा तिसरा हिस्सा आहे. त्यात त्यांना रस्त्याकडची शेड भट्टीसकट हवी. भट्टी त्यांच्या नावावर राहील. दोघांचा माल तिथेच कडक होईल, पाळीने. पाळीने माल फिरेल, आई फिरणार नाही."

शेंगने तोंड उघडलं. रुइयिंगने त्याला बोलू दिलं नाही, विचारलं, "बाबांनी भट्टी कुणाचे दागिने विकून घेतली होती रे?" उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न विचारायचा नाही, हा धंद्याचा पहिला नियम. "आईचे," शेंग पुटपुटला. मग ती ल्यांगकडे वळली. "भट्टी दादाच्या हातात गेली तर तुझा माल शेवटी जाईल ही तुझी भीती. तुझ्या हातात गेली तर साठ घरं अडतील ही दादाची. दोघांनी आत्ताच एकमेकांची भीती एवढी छान मांडलीत, मला वेगळं काही सांगायलाच ठेवलं नाहीत. आईच्या हातात भट्टी असेल तर भ्यायचं कुणाला?"

"आईलाच," ल्यांग म्हणाला, आणि शेंग मोठ्याने हसला. दोघांना एकत्र हसताना ऐकून चुनताओने पदर डोळ्यांना लावावा तसा हातातला टॉवेल डोळ्यांना लावला.

"पण आई तिथे एकटी राहणार?" शेंग म्हणाला. "लोक काय म्हणतील? दोन मुलं असून आई शेडमध्ये. आणि जेवायचं काय?"

"लोकांचं तू बघ," चुनताओ म्हणाली. आता ती स्वतःच बोलायला लागली आणि तिची वकील बाजूला सरली, कारण अशील इतकं छान बोलत असेल तर शहाण्या वकिलाने गप्प राहायचं असतं. "मी तुमच्याकडे पाळीने जेवायला येणार नाही. तुम्ही यायचं माझ्याकडे. सोमवार शेंगचा, मंगळवार ल्यांगचा. बायकामुलांना घेऊन. मीठ मी घालीन तेवढंच, ज्याला अळणी वाटेल त्याने घरून मीठ आणावं. रविवारी सगळे. भांडायचं असेल तर रविवारी, म्हणजे मला दोनदा ऐकायला नको."

"बुधवार सोडून," ह्वेइजू आणि शिन्यी एकदमच म्हणाल्या. नवऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. जावांनी पातेल्याकडे पाहिलं.

शेंगने मान खाजवली, छताकडे पाहिलं, एकदा ल्यांगकडे पाहिलं. मग म्हणाला की भट्टीची पाळी लावायची तर हाडांच्या स्क्रूंना मंद आच लागते, ते रात्रीच्या पाळीत घातले तर दोघांचंही भागेल. ल्यांग म्हणाला, हे तुला कसं कळलं. शेंग म्हणाला, तुझं ते जर्मन पुस्तक, त्यातली चित्रं मीही बघतो, तू जेवायला जातोस तेव्हा. ल्यांगने दादाच्या खांद्यावरचा रुमाल ओढून आपल्या खांद्यावर घेतला आणि नाक शिंकरलं.

रुइयिंगने काड्या उचलल्या. सगळे तुटून पडले. रस्सा पाणी ओतून ओतून पातळ झाला होता, मटण मात्र लोण्यासारखं शिजलं होतं, आणि तिखट चटणीने बाकी सगळं झाकून घेतलं. दावे दाखल करायचे नाहीत, दोन्ही वकिलांना ती स्वतः फोन करेल, वाटणीचा कागद ती पंधरा दिवसांत पाठवेल, त्यावर आईची सही सगळ्यांत वर, हे सगळं खाता खाताच ठरलं. तिच्या फर्मच्या त्या पानावर आजच्या दिवसाबद्दल एक अक्षरही येणार नव्हतं, आणि त्याचं तिला मनापासून बरं वाटत होतं.

जेवणं आटोपत आली तेव्हा चुनताओने बोटं मोजायला घेतली. सोमवार शेंग, मंगळवार ल्यांग, बुधवार सुनांची सुट्टी, शुक्रवार-शनिवार तिच्या स्वतःच्या देवळाच्या मैत्रिणी, रविवार सगळे. मग तिने धाकट्या बहिणीकडे पाहिलं.

"गुरुवार उरला. तो तुझा."

"गुरुवारी मला कोर्ट असतं, ताई. तैपेईहून इथे म्हणजे अख्खा दिवस जातो."

"मग कोर्टाला सांग, गुरुवारी मला बहिणीकडे जेवायला जायचं असतं म्हणून. दर गुरुवारी नको. महिन्यातले दोन."

रुइयिंगच्या तैपेईच्या घरी ओट्यावर एकच वाटी वाळत असे, आणि ती वाटीही बहुतेक वेळा चहाची. टेबलावरचे सगळे तिच्या उत्तराची वाट पाहत होते.

"मान्य," ती म्हणाली.

ल्यांगने घास थांबवला. "मावशी, इतक्या लवकर? समोरच्याने पहिली मागणी केली की कधी हो म्हणायचं नाही, असं तूच आम्हाला शिकवलंस ना."

"ते अशिलांसाठी असतं रे," रुइयिंग म्हणाली आणि वाटी ताईपुढे केली. "हे माझं स्वतःचं आहे. वाढ गं, ताई."